कुस्ती बघायला मायला न्यायचंय

परवा सकाळी भावाचा फोन आला. मी पोळ्या लाटत होते.

"अक्का, औंदा जत्रंत पोरींच्या कुस्त्या ठेवायल्यात. आपल्या पोरीचं नाव द्यावं का?"

लाटणं तिथंच राहिलं, तव्यावरची पोळी करपली. मी म्हटलं, "द्यावं का म्हणजे? दिलं नसशील तर आधी देऊन ये, मग चहा पी."

मैत्रिणींनो, तुम्हाला सांगते, मला कुस्तीचं भारी वेड. साडी घेताना मी फार वेळ लावत नाही, पण कुठल्या पैलवानाची जोड कुणाशी लागली यावर तासभर बोलू शकते. आमचे हे क्रिकेटवाले. ते म्हणतात, "शेजारच्या बायका मालिका बघतात, आमच्या घरी धोबीपछाड." पेपर आला की मी मागचं पान आधी उघडते. चैत्र जवळ आला, गावोगावच्या जत्रांची पत्रकं लागली, की त्यावरचे पैलवानांचे फोटो उभ्यानं वाचत बसते. कुणाचा दम किती, कुणाचा पट चांगला, हे मला तोंडपाठ असतं.

हे वेड वडिलांकडून आलं. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादा आमच्या पंचक्रोशीतले पैलवान. फार मोठे नव्हेत, पण जत्रेतल्या वरच्या पाच कुस्त्यांत त्यांची एक ठरलेली असायची. हलगी वाजायला लागली की त्यांच्या दंडावर काटा यायचा, आणि ते बघून माझ्याही.

पण मी त्यांची एकही कुस्ती फडात बसून बघितली नाही. बायका-पोरींनी तिकडं जायचं नाही, असा दंडकच होता. तालमीत तर पायरीही चढायची नाही, माती बाटते म्हणायचे. गंमत बघा, त्या मातीत ताक पडायचं ते आमच्या घरचं. हळद, लिंबं, तेल जायचं तेही घराघरांतनं. माती मळायला सगळं बायकांनी द्यायचं आणि बघायला मात्र धाब्यावर चढायचं! शेजारच्या घराच्या धाब्यावरून मला फक्त डोकी आणि फेटे दिसायचे. मोठा गलका झाला की समजायचं, कुणाची तरी पाठ लागली.

आणि माय? ती तर धाब्यावरही नसायची. जत्रेदिवशी घरी पाहुणे, म्हणून ती चुलीपुढं. एरवीही पहाटे उठून पाट्यावर बदाम वाटायची. एका म्हशीचं दूध, त्यातलं निम्मं दादांना, निम्मं विकायला. आम्हाला कोरा चहा. दादांच्या दंडाला जी ताकद होती तिचा हिशेब मांडला, तर निम्मी मायच्या मनगटातली निघेल. पण जिंकल्यावर फेटा दादांना, नारळ वस्तादांना. मायला ते घरी आल्यावर समजायचं.

१९७२ च्या दुष्काळात सगळं थांबलं. तालमीतल्या मातीला घालायला ताक कुठलं, प्यायलाच पाणी नव्हतं. दादा आणि माय दोघंही खडी फोडायला जायचे. म्हैस विकली, दादांचा लंगोट खुंटीला लागला तो लागलाच. पुढं ते कुस्ती खेळले नाहीत, नुसती सांगायचे.

ते सांगायचे त्यातलं एक नाव म्हणजे हरिश्चंद्र बिराजदार. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. लातूर जिल्हा वेगळा झाला १९८२ साली. त्याआधी ते सगळं आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यातच. त्यामुळं १९६९ साली बिराजदार महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा दादांच्या लेखी ती गदा आपल्याच जिल्ह्यात आली होती. दिल्लीच्या सतपालला त्यांनी हरवलं ती कुस्ती तर दादा हातवारे करून सांगायचे, माय मधूनच म्हणायची, "आवं, जेवा की आधी." पुढं बिराजदार पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवत राहिले. २००६ साली त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये ते गेले. बीड जिल्ह्यातला राहुल आवारे त्यांचाच चेला. त्यानं २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं तेव्हा मी दादांच्या फोटोला हार घातला. आज कॉलेजातल्या पोरांना विचारा, बिराजदार कोण? दहातल्या नऊ जणांना सांगता यायचं नाही.

खाशाबा जाधवांचं तरी काय? कराडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये त्यानं कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. जायला पैसे नव्हते, तर त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकलं. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढं पोलिसात नोकरी केली, १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर, तब्बल सोळा-सतरा वर्षांनी. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा आपल्या राज्याचा क्रीडा दिन आहे. चांगलंच झालं. पण माणूस असताना कौतुक झालं असतं तर त्याच्या घरच्या बाईनं दोन घास सुखानं खाल्ले असते, असं मला आपलं वाटतं.

आणि पुरुष पैलवानांना विसरलो म्हणून हळहळणाऱ्या मलाच, एक बाई मोठी पैलवान होऊन गेली हे पन्नाशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं! तिचं नाव हमीदा बानू. उत्तर प्रदेशातली. जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन, असं आव्हान तिनं १९५४ साली दिलं होतं. बडोद्यात बाबा पहेलवानाला तिनं एक मिनिट चौतीस सेकंदांत लोळवलं. आपल्याकडे कोल्हापुरात तिनं एका पंजाबी मल्लाला हरवलं, तेव्हा टाळ्या पडायच्या जागी दगड पडले. एका मराठी पैलवानाशी ठरलेली तिची कुस्ती तर विरोध झाला म्हणून रद्द करावी लागली. तिला परदेशात जाऊन लढायचं होतं, तर तिच्या गुरूनंच तिला मारहाण करून हातपाय मोडले, असं तिच्या घरचे सांगतात. उतारवयात ती कल्याणला राहायची. दूध विकायची, रस्त्याकडेला खायचे पदार्थ विकायची. तिच्याकडून दूध घेणाऱ्या बायकांना ठाऊक तरी असेल का, की ही बाई एके काळी कोण होती?

४ मे २०२४ ला गुगलच्या पानावर तिचं चित्र आलं. भाचीनं मोबाईल माझ्यापुढं धरला, "आत्या, ही बघ, तुझ्या दादांच्या आधीची पैलवान!" मी चष्मा लावून सगळं वाचलं. मग मायला वाचून दाखवलं. माय बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दूध विकत होती म्हण की. माझ्यावाणीच."

माझी भाची म्हणजे भावाची धाकटी. चौदा वर्षांची, नववीत. तिला कुस्तीची गोडी लागली ती धाराशिवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी आपल्या धाराशिवच्या तुळजाभवानी स्टेडियमवर झाली, आठवतं ना? एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंच होतं. मी तिला घेऊन गेले. शिवराज राक्षे आणि हर्षवर्धन सदगीर यांची अंतिम लढत आम्ही डोळ्यांनी बघितली. राक्षे जिंकला. त्याच महिन्यात दुसऱ्या संघटनेनं पुण्याजवळ फुलगावला स्पर्धा भरवली, तिथं सिकंदर शेखनं याच राक्षेला हरवलं. एका वर्षात दोन केसरी! दादा असते तर म्हणाले असते, एका म्यानात दोन तलवारी. ते असो. पण मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसून कुस्ती बघितली, धाब्यावरून नव्हे. येताना एसटीत भाची म्हणाली, "आत्या, पोरींची पण असती का गं ही?"

मी म्हटलं, असते की! त्याच वर्षी मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली होती. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून चांदीची गदा घेतली. कल्याण! जिथं हमीदा बानू दूध विकत होती, त्याच कल्याणची पोर अंतिम फेरीत.

तेव्हापासून भाची तालुक्याला जाते. शाळेचे एक सर पोरींना मॅटवर शिकवतात. सुरुवातीला घरात कुरबूर झाली. वहिनी म्हणाली, "कान मोडले, नाक मोडलं तर लग्न कोण करील?" तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पोरीचं लग्न आईच्याच डोक्यावर असतं. पण आता तीच पहाटे उठून बदाम भिजवते. फरक इतकाच, की मिक्सर आहे. आणि दुधाचा पहिला पेला पोरीला जातो, तोही न मागता.

आता या जत्रेचं सांगते. भाचीची जोड शेजारच्या गावच्या मुलीशी लागलीय. ती मुलगी उंच आहे, वजनाला दोन-तीन किलो जास्त, आणि एकेरी पट झटकन काढते. आमची ठेंगणी, पण कंबर दणकट. मॅटवर गुण मिळतात, मातीत गुण नसतात. पाठ लागली की निकाल. म्हणून मी तिला फोनवर सांगितलं, "खडाखडीत घाई करू नको. तिला आधी पटात येऊ दे. आली की पाय मागं टाक, वरून दाब, फिरून ताबा घे. मग तुझा भारंदाज आहेच." ती म्हणाली, "आत्या, सर पण हेच म्हणायलेत." मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण एक कुस्ती मलाही खेळावी लागली. पत्रक छापायच्या आधी भाऊ सांगत आला, पोरांच्या त्याच वजनाच्या कुस्तीला पाचशे रुपये, आणि पोरींना नारळ. का, तर पहिलंच वर्ष आहे, नुसती दाखवायची कुस्ती. मी सरळ गावी गेले. पंचमंडळी पारावर बसली होती. त्यांतले दोघं दादांच्या हाताखाली शिकलेले. मी म्हटलं, "काका, नारळ देवाला फोडतात. पोरगी घाम गाळणार, तिला पोराएवढंच इनाम द्या. नसेल तर पाचशे मी भरते, पण पत्रकावर तसं छापा." थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांतले थोरले म्हणाले, "पैलवानाची लेक हाय. छापा."

अजून एक मागितलं. कुस्ती लागली की निवेदक भोंग्यावर पैलवानाचं नाव घेतो, बापाचं, वस्तादाचं, गावाचं घेतो. मी म्हटलं, आईचंही घ्या. सरकारी कागदावर आता नव्या बाळाच्या नावापुढं आईचं नाव लागतं, मग भोंग्यावर का नको? यावर मात्र "बघू" म्हणालेत. बघू म्हणजे काय, ते तुम्हाला मला चांगलं ठाऊक आहे. मी त्या निवेदकाला चिठ्ठीच लिहून देणार आहे. फक्त भाचीच्या आईचं नाही, तर समोरच्या मुलीच्या आईचंही नाव शोधून.

कोण जिंकेल? खरं सांगू, माझं मन म्हणतं भाची, आणि माझी इतक्या वर्षांची नजर म्हणते समोरची. मातीवर त्या पोरीचा सराव जास्त आहे. आमची हरली तर मी रडणार नाही, पुढच्या जत्रेची तयारी करायला लावीन.

येताना मायकडं गेले. अठ्ठ्याहत्तरीला आलीय, गुडघे धरलेत. म्हटलं, "माय, औंदा जत्रंला फडावर यायचंय. नातीची कुस्ती हाय."

ती माझ्याकडं बघतच राहिली. साठ वर्षं त्या गावात काढली, पण फड कुठल्या बाजूला असतो हेही तिनं बघितलेलं नाही. मग हळूच म्हणाली, "येते की. पण मी बसू कुठं?"

खुर्ची मी घरूनच नेणार आहे.