एका ट्रेतलं जेवण : सॉसेज आणि भाजलेल्या भाज्या



ईस्ट कोस्टला राहणाऱ्या मराठी माणसाची आणि सॉसेजची ओळख बहुधा समुद्राकाठी होते. ईस्ट कोस्ट पार्कमध्ये बार्बेक्यूची जागा बुक करायची, मुलांच्या वाढदिवसाला कोळसे पेटवायचे, सॉसेजेस आणि मक्याची कणसं भाजायची आणि सगळं तयार झालं की नेमका पाऊस! तेच भाजणं घरच्या ओव्हनमध्ये, एका ट्रेत कसं करायचं ते या लेखात सांगणार आहोत. चार माणसांचं जेवण, वीस मिनिटं चिराचिरी, चाळीस मिनिटं ओव्हन आणि घासायला एकच ट्रे.

हा पदार्थ आम्ही हौसेने शिकलो नाही. २०२४ च्या शेवटी आमच्या ओळखीच्या एका घरातली आई बरेच आठवडे हॉस्पिटलात होती. घरी बाबा, दोन लहान मुलं आणि भारतातून घाईने आलेले आजोबा. आपल्या मंडळींनी रात्रीच्या जेवणाचे वार वाटून घेतले. आमच्या वाट्याला बुधवार आला. आम्ही दोघेही ऑफिसातून साडेसहाला घरी पोचणारे, स्वयंपाकात यथातथाच. पहिल्या बुधवारी सगळ्या भाज्या आणि सॉसेजेस एका छोट्या ट्रेत ढीग करून कोंबल्या. तासाभराने पाहतो तर बटाटे कच्चे, सिमला मिरचीचा लगदा आणि तळाशी बोटभर पाणी! पुन्हा भाजून पोचेपर्यंत सव्वानऊ झाले. मुलं बिस्किटं खाऊन झोपली होती. बाबांनी "अहो, त्यात काय एवढं" म्हटलं, पण आम्हाला फार लागलं. कुणी आपल्या जेवणावर अवलंबून असेल तर ते वेळेवर आणि दर वेळी सारखंच झालं पाहिजे. मग आम्ही आमच्या पेशाला शोभेल असं केलं, म्हणजे चूक कुठे झाली ते शोधत बसलो!

चूक होती पाण्याची. बटाट्यात सुमारे ऐंशी टक्के पाणी असतं, सिमला मिरचीत नव्वद टक्क्यांच्याही वर. ट्रेत गर्दी झाली की सुटलेली वाफ अडकते आणि भाज्या भाजण्याऐवजी उकडतात. वरचं पाणी उडून जात नाही तोवर भाजीचा पृष्ठभाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. खमंग तांबूस रंग यायला मात्र साधारण १४० अंश तरी लागतात. म्हणून ओव्हन २०० अंशांवर, ट्रे मोठा, आणि भाज्या एका थरात, एकमेकींपासून जरा अंतर ठेवून.

रायगडकडच्या मंडळींना इथे पोपटी आठवेल. थंडीत वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन असं सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात भरायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तरी शेंगा मऊ शिजतात, कारण पाला आणि भाज्यांची वाफ मडक्यातच कोंडलेली असते. आमचा ट्रे म्हणजे बरोबर उलटं. पोपटीत वाफ धरून ठेवायची, ट्रेत तिला जाऊ द्यायचं. हा फरक कळला आणि अर्धं काम झालं.

साहित्य (चौघांसाठी, साधारण ४० बाय ३० सेंटिमीटरच्या ट्रेला) : चिकन सॉसेजेस ४०० ग्रॅम, बटाटे ३०० ग्रॅम, गाजरं २०० ग्रॅम, लाल भोपळा २५० ग्रॅम, कांदे दोन, सिमला मिरच्या दोन, सालासकट लसणीच्या आठ-दहा पाकळ्या, तेल तीन मोठे चमचे, मीठ पाऊण छोटा चमचा, लाल तिखट आणि धने-जिरे पूड एकेक छोटा चमचा, मिरपूड, लिंबू, कोथिंबीर. मीठ यापेक्षा जास्त नको, सॉसेजमध्ये भरपूर असतं. टेबलावरच्या लहान ओव्हनमध्ये किंवा एअरफ्रायरमध्ये याचे दोन घाणे करावेत.

पूर्वतयारी : सॉसेजेस गोठलेली असतील तर आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात काढून ठेवा. ओट्यावर ठेवू नका, इथल्या तीस अंशांत बाहेरून ती लवकर खराब होऊ लागतात. भाज्या धुतल्यावर स्वच्छ फडक्याने पुसा. सिंगापूरच्या दमट हवेत त्या आपोआप सुकतील याची वाट पाहू नये! बटाटे आणि गाजरांचे इंचभराहून मोठे तुकडे नकोत, भोपळ्याचे थोडे मोठे चालतील.

आता खरी गंमत, म्हणजे क्रम. जेवण आठला हवं तर उलटं मोजत यायचं.

सात वाजता ओव्हन २०० अंशांवर लावा (पंख्याचा असेल तर १८०) आणि तो तापेपर्यंत चिराचिरी उरका. सात-वीसला बटाटे आणि गाजरं दोन चमचे तेल आणि मीठ चोळून ट्रेत पसरा आणि ट्रे आत सरकवा. सात-पस्तीसला ट्रे बाहेर काढून तुकडे उलटा. मग भोपळा, जाड फोडी केलेले कांदे, लसूण आणि सॉसेजेस घाला. उरलेलं तेल, तिखट आणि धने-जिरे पूड याच वेळी. मसाला सुरुवातीलाच घातला तर करपून कडवट होतो. सात-चाळीसला सिमला मिरची. आठला बटाट्यात सुरी सहज गेली की ओव्हन बंद. वर लिंबू, मिरपूड आणि कोथिंबीर. भाजलेली लसूण सालातून दाबून काढा आणि पावाला लावून खा. ती चव आम्ही सांगत नाही, तुम्हीच पाहा.

सॉसेज कुठलं घ्यावं? दुकानातली बरीचशी चिकन सॉसेजेस आधीच शिजवलेली असतात. ती तिरकी कापून घातली की कडा छान खरपूस होतात. पाकिटावर कच्चं असल्याचं लिहिलं असेल तर अख्खंच ठेवा आणि पोटात ७५ अंश गरम झाल्याशिवाय काढू नका. चिनी लाप चाँग गोडसर, खारट आणि तेलकट असतं, त्याच्या पातळ चकत्या थोड्याच घालाव्यात. मुस्लीम शेजाऱ्यांना बोलावणार असाल तर मुईसची हलाल खूण पाहा, आणि ट्रेही वेगळा ठेवा. गोव्याच्या चोरिसची आठवण येणारच! पण ते सामानात घालून आणू नका. सिंगापुरात मान्यता मिळालेल्या देशांतूनच मांस आणता येतं.

आजोबा शाकाहारी होते, त्यामुळे आमचे बुधवारी दोन ट्रे झाले. त्यांच्या ट्रेत सॉसेजऐवजी शिजवलेले काबुली चणे आणि शेवटची बारा मिनिटं पनीर. हा ट्रे नेहमी वरच्या कप्प्यात ठेवावा, म्हणजे सॉसेजची चरबी त्यात ठिबकण्याचा प्रश्नच नाही. चमचेही वेगळे. हे आपण सांगितलं की समोरचा माणूस निश्चिंतपणे जेवतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. सॉसेज हे रोजचं अन्न नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलं. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणून आमच्या ट्रेत भाज्या सॉसेजच्या तिप्पट असतात आणि हा बेत आठवड्यातून फार तर एकदा. सॉसेजचं काम भाज्यांना चव आणायचं. लाल भोपळ्याला नाक मुरडणाऱ्या त्या दोन मुलांनी तिसऱ्या बुधवारी तो मागून घेतला!

आम्ही मरीन परेडला, ते सिगलॅपला. जून २०२४ मध्ये सुरू झालेल्या नव्या एमआरटीने दोनच स्टेशनं. गाडीत खायला बंदी आहे, डबा न्यायला नाही. वासाने लोक वळून बघायचे, तेवढंच. डबा न्यायचा असेल तर झाकण थोडं उघडं ठेवा, नाहीतर वाफ धरून पुन्हा लगदा. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये.

त्या घरची आई आता बरी आहे. मध्यंतरी तिने आम्हाला जेवायला बोलावलं आणि टेबलावर काय ठेवलं असेल? तोच ट्रे, आणि आमच्यापेक्षा चांगला जमलेला!

 आपल्या आजूबाजूला कुणाकडे आजारपण असेल, बाळंतपण असेल, तर एक वार मागून घ्या. काय करू, असं विचारत बसू नका, "बुधवारचं जेवण आमच्याकडून" एवढंच सांगा. आणि पोचा मात्र आठच्या आत!