गॅरेजवाल्याची शर्यत

करवीर तालुक्यातले गडमुडशिंगी हे कोल्हापूर-हुपरी रस्त्यावरचे गाव. शेजारी उजळाईवाडीचा विमानतळ, हाकेच्या अंतरावर गोकुळ शिरगावची एमआयडीसी. या पट्ट्यातल्या फौंड्रीत ओतलेली कास्टिंग लेथवर चढतात, घासूनपुसून वाहन कंपन्यांकडे रवाना होतात. यंत्रकारागीर म्हादबा मेस्त्रींचे नाव आजही आदराने घेणाऱ्या कोल्हापूर शहराला यंत्राचे वेड नवे नाही आणि शर्यतीचेही नाही. मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. ध्रुव मोहिते राष्ट्रीय पातळीवर गाड्या पळवतो, तर कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला 3 मालिकेत धावून आला. तरीही ज्याच्या हाताला ऑइलचा वास आहे असा गॅरेजचा मालक किंवा चार लेथचा वर्कशॉपवाला या खेळात बहुधा कुंपणाबाहेरच उभा असतो. त्याला आत आणायचे तर त्याला पैसे पुरवण्याआधी खेळाचे नियम त्याच्या खिशाच्या मापाने बेतावे लागतील, असे मला ठामपणे वाटते.

हे म्हणायला आधार आहे तो अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतीचा. स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममधून जशी बाहेर पडली तशीच शर्यतीत उतरवलेली गाडी. या शर्यतींची मोठी संघटना, नॅस्कार, 1948 मध्ये ज्याने उभी केली तो बिल फ्रान्स स्वतः मेकॅनिक होता. 19 जून 1949 रोजी शार्लटला पहिली अधिकृत ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यत झाली. ग्लेन डनवे पहिला आला. पण तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगांमध्ये फेरफार आढळला आणि जिम रोपरला विजेता ठरवले गेले. गाडीच्या मालकाने कोर्ट गाठले, तिथेही तो हरला. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. गाडीला हात लावायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी विजेत्यालाही लागू झाला. नियम ढिला पडला की जो जास्त खर्च करील तो जिंकतो, आणि छोट्या माणसाचा पत्ता सर्वात आधी कटतो.

व्हर्जिनियातल्या डॅनव्हिल गावच्या वेंडेल स्कॉटकडे पाहिले की हे पटते. महायुद्धात सैन्यात मेकॅनिक, नंतर स्वतःचे गॅरेज, मुलेच त्याची पिटमधली माणसे. वर्णभेदाच्या त्या काळात हा कृष्णवर्णीय गॅरेजवाला 1961 ते 1973 या काळात नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेत 495 शर्यती धावला. 1 डिसेंबर 1963 रोजी जॅक्सनव्हिलला तो जिंकला, पण विजयाचा झेंडा प्रतिस्पर्धी बक बेकरसाठी फडकला. काही तासांनी चूक मान्य झाली, तोवर करंडकाचा सोहळा आटोपला होता. करंडक त्याच्या कुटुंबाच्या हाती पडला तो 2021 मध्ये. स्कॉट 1990 मध्येच गेला होता. हा अन्याय वर्णाचा होता, त्याला दुसरे नाव देता येत नाही. पण त्याच्या जोडीला दुसरी भिंतही होती, ती पैशाची. बड्या कार कंपन्यांनी संघांमागे पैसा ओतला, तेव्हा हा माणूस वापरलेल्या भागांवर गाडी उभी करत होता. तरी 1966 मध्ये तो गुणतालिकेत सहावा आला. ही कमाई गॅरेजच्या हुन्नराची.

इथे घरचे वडीलधारे विचारतील, बिल थकलेले, कामगारांचा पगार डोक्यावर, मग हे वेड परवडायचे कसे? प्रश्न रास्त आहे आणि त्याला शर्यतीतून नफा होतो असे उत्तर देणे खोटे ठरेल. उलट या वेडाची किंमत मोजावी लागते: 1973 मध्ये टॅलाडेगाच्या साखळी अपघातात स्कॉट जबर जखमी झाला आणि त्याची पूर्णवेळ कारकीर्द तिथेच संपली. पण धंदा बुडवणारी असते ती खर्चाची रोज वर चढत जाणारी बोली. बैल पाळणारा शेतकरीही शर्यतीच्या बैलावर खर्च करतोच, आणि त्याला कोणी वेडा म्हणत नाही. कारण बैलाचा खुराक त्याच्या शेताच्या हिशेबात बसतो. दुसरा आक्षेप धोक्याचा. वेगाची हौस आज भर रस्त्यावर भागवली जाते, तिथे ना हेल्मेट, ना रोलकेज, ना अॅम्ब्युलन्स. बंद ट्रॅक हा त्यावरचा इलाज आहे.

स्वस्त गाडीतून खरा खेळाडू घडत नाही, असेही म्हटले जाते. भारताचा अनुभव याच्या उलट आहे. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुती 800 चे इंजिन बसवून फॉर्म्युला मारुती ही कमी खर्चाची गाडी घडवली. नारायण कार्तिकेयनची शर्यतीतली सुरुवात याच गाडीतून झाली आणि 2005 मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये पोचला. आता गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स आले, लेथवाल्याचे काय काम, हा सूरही ऐकू येतो. म्हणून तर जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा वेगळा गट हवा, जिथे पाना-पक्कड चालते आणि कान लावला तर इंजिनचे दुखणे कळते.

खर्च आवरायची युक्तीही अमेरिकेतल्या छोट्या मातीच्या ट्रॅकवाल्यांनी शोधून ठेवली आहे. तिथे अनेक ठिकाणी असा नियम असतो की शर्यत संपल्यावर ठरलेल्या किमतीत प्रतिस्पर्धी विजेत्याचे इंजिन विकत मागू शकतो, आणि नाही म्हटले तर जिंकणाऱ्यावरच कारवाई होते. त्यामुळे शंभराचे इंजिन पन्नासात जाईल या धास्तीने कोणी महागडे इंजिन बसवत नाही. गडमुडशिंगीच्या आसपास असा गट निघाला, तर इंजिन उघडून तपासायला माणसे बाहेरून आणावी लागणार नाहीत; ती सकाळी गोकुळ शिरगावच्या शिफ्टला निघालेली असतात.