विनामूल्य ईमेलकडून सशुल्क ईमेलकडे स्थलांतर

विनामूल्य ईमेलकडून सशुल्क ईमेलकडे स्थलांतर म्हणजे मोफत ईमेल खात्याऐवजी मासिक वा वार्षिक शुल्क आकारणारी सेवा स्वीकारणे होय. साठवणक्षमता, जाहिरातींपासून मुक्तता व तांत्रिक साहाय्य ही त्याची सांगितली जाणारी कारणे असली, तरी व्यवसायाच्या दृष्टीने पत्त्याची मालकी हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या काळी ईमेल पत्ता इंटरनेट जोडणीसोबत मिळत असे. सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी सुरू केलेल्या हॉटमेलने पत्ता जोडणीपासून स्वतंत्र केला. पुढे मुंबईच्या रेडिफची रेडिफमेल ही मोफत सेवा भारतात लोकप्रिय झाली. १ एप्रिल २००४ रोजी आलेल्या जीमेलने १ जीबी जागा देऊ केली.

मोफत सेवेच्या अटी मात्र सेवादाता बदलू शकतो. स्वतःच्या डोमेनसाठी असलेली गुगल ॲप्सची मोफत आवृत्ती डिसेंबर २०१२ मध्ये नव्या ग्राहकांसाठी बंद झाली. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती हटविण्यास गुगलने डिसेंबर २०२३ पासून प्रारंभ केला.

प्रकार

पहिल्या प्रकारात जुनाच पत्ता राहतो व शुल्क केवळ वाढीव जागेचे असते. गुगल वन हे त्याचे उदाहरण. दुसऱ्या प्रकारात व्यवसाय स्वतःचे डोमेन नाव नोंदवून त्यावर पत्ते तयार करतो. गुगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५, झोहो मेल व रेडिफमेल प्रो या सेवा अशी सोय देतात. या प्रकारात पुढे सेवादाता बदलला, तरी पत्ता तोच राहतो.

पालघर–बोईसर परिसरातील संदर्भ

बोईसरनजीकच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आल्यावर त्यांच्या टपालपत्त्यातील ‘जिल्हा ठाणे’ बदलून ‘जिल्हा पालघर’ झाले. टपालपत्त्यातील अशा बदलानंतरही पत्र पोहोचते. ईमेल पत्त्यातील एक अक्षर बदलले, तरी ते मूळ धन्याकडे जात नाही. लहान कारखान्याचा पत्ता एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक मोफत खात्यावर असेल, तर तो नोकरी सोडून गेल्यावर खरेदीदारांचा पत्रव्यवहार त्याच्याकडेच राहतो. वस्तू व सेवा कर, प्राप्तिकर किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीविषयीच्या सूचनाही कारखान्यापर्यंत पोहोचत नाहीत. सशुल्क व्यावसायिक सेवेत खात्याचा ताबा संस्थेच्या प्रशासकाकडे असतो.

प्रक्रिया

प्रथम डोमेन नाव नोंदवून नव्या सेवेत खाती उघडतात. डोमेनची एमएक्स नोंद बदलली की येणारी पत्रे नव्या सेवेकडे वळतात. एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या नोंदींमुळे पाठविणाऱ्याची सत्यता पडताळता येते. त्या नसल्यास पत्रे स्पॅममध्ये जाण्याचा संभव वाढतो. जुनी पत्रे आयमॅप पद्धतीने नव्या खात्यात उतरवून घेता येतात.

दक्षता

जुने खाते तत्काळ बंद न करता त्यावरील पत्रे नव्या पत्त्याकडे वळवावी लागतात. बँक, कर व भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींतील पत्ता बदलेपर्यंत ओटीपी जुन्याच खात्यावर येऊ शकतो. डोमेनची नोंदणी संगणक पुरवठादाराच्या नव्हे, तर व्यवसायाच्या नावावर असावी व तिचे नूतनीकरण मुदतीत व्हावे. मुदत टळून डोमेन दुसऱ्याने घेतल्यास त्यावरील सर्व पत्तेही त्याच्या हाती जातात.