हंडा आणि लाटणे

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदी अडवून येलदरीचे धरण बांधलेले आहे. तो अफाट जलाशय पाहिला म्हणजे पाहुण्याला वाटते, या मुलखात आता पाण्याची ददात ती कसली! परंतु धरणातले पाणी घरातल्या हंड्यात येईपर्यंत वाटेत पंप, नळ, नगरपालिका, अर्ज आणि साहेबांची सही असा लांबचा प्रवास असतो. पहाटे नळावर नंबर लावणाऱ्या कोणत्याही गृहिणीला विचारा. तिला तो तोंडपाठ असतो. मुंबईच्या गोरेगावात हाच प्रवास एका बाईंनी साऱ्या शहराला दाखवून दिला. लोकांनी त्यांचे नावच ठेवले ‘पाणीवाली बाई’!

या बाई म्हणजे मृणाल गोरे. जन्म १९२८ चा, माहेरच्या मोहिले. डॉक्टर होण्याची वाट अर्ध्यावर सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या कामात पडल्या. १९५८ साली पती केशव ऊर्फ बंडू गोरे गेले, तेव्हा पदरी लहान मुलगी होती. तरी तीनच वर्षांनी, १९६१ साली, त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या. झोपडीवासीयांच्या पाण्यासाठी त्या सभागृहात भांडल्या आणि रस्त्यावरही उतरल्या. झोपडी कायदेशीर असो वा नसो, तहान काही बेकायदेशीर नसते, एवढी साधी गोष्ट त्या लढ्यामुळे कारभाऱ्यांच्या गळी उतरू लागली.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. साखर, तेल, रॉकेल सारेच महागले. तेव्हा मृणालताई, अहिल्या रांगणेकर आणि इतर पक्षांतल्या भगिनींनी मिळून महागाईविरोधी महिला समिती उभारली आणि मुंबईच्या रस्त्यावर बायका लाटणी घेऊन निघाल्या. ज्यांना उंबरा ओलांडता येत नव्हता, त्यांनी घरातूनच थाळ्या बडवून साथ दिली. आजवर ज्या लाटण्याचा उपयोग विनोदी लेखकांनी नवऱ्याला धाक दाखवण्यापुरता केला होता, त्याचा धाक आता थेट सरकारला वाटू लागला!

आपणा पांढरपेशांना असल्या गोष्टी जरा खटकतात, हे कबूल केले पाहिजे. ‘हा काय तमाशा? रीतसर अर्ज करावा!’ असे आपण चहाचा घोट घेत म्हणतो. पण वाचकहो, अर्ज फायलीत पडून राहतो; शंभर थाळ्यांचा नाद मात्र कोणत्याही फायलीत बांधून ठेवता येत नाही. शिवाय या नाटकातले सामान भाड्याने आणलेले नव्हते. हंडा खरोखरच रिकामा होता आणि पोळपाटावर लाटायला पीठ खरोखरच कमी होते. सोंग आणि सत्याग्रह यांतला फरक इथेच आहे.

या मोर्चांनी महागाई कायमची हटली काय? नाही. १९७५ साली आणीबाणी आली, मोर्चे थांबले आणि मृणालताईंना तुरुंग पाहावा लागला. पण १९७७ च्या निवडणुकीत त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी पराभूत झाल्या. तेव्हा लोकांनी हसत हसत घोषणा रचली, ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में!’

दिल्लीची वाट सापडली म्हणून त्यांनी गल्ली सोडली नाही. गोरेगावात नागरी निवारा परिषदेच्या कामातून बेताच्या मिळकतीच्या हजारो कुटुंबांना हक्काचे घर मिळाले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध त्यांनी विधानसभेत आवाज उठवला आणि १९८८ साली अशा चाचण्यांना आळा घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने केला. रस्त्यावर आरडाओरडा करणारी माणसे कागदावर कच्ची असतात, हा समज त्यांनी खोटा पाडला.

१७ जुलै २०१२ रोजी मृणालताई गेल्या. या दिवाळीत फराळाच्या पुऱ्या लाटताना गृहिणींनी हातातल्या लाटण्याकडे क्षणभर पाहावे. आणि घरातल्या पुरुषांनीही पाहावे; हे लाटणे एके काळी मंत्र्यांच्या दारापर्यंत जाऊन आलेले आहे!