जिन्याची रुंदी आणि सुरक्षित निर्गमन

वाराणसीच्या दुर्गाघाटावर मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. घाटाच्या पायऱ्या प्रशस्त, पण वरची गल्ली चिंचोळी. गर्दीच्या वेळी मार्गाची क्षमता त्याच्या सर्वांत अरुंद ठिकाणावरून ठरते, हे येथे सहज ध्यानात येते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावरील अरुंद जिन्यात चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला.

राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ नुसार जिन्याची किमान रुंदी शैक्षणिक इमारतींत १.५ मीटर, तर मोठी सभागृहे व रुग्णालये यांत २ मीटर असावी लागते. सर्वसाधारण इमारतींत प्रतिव्यक्ती १० मिलिमीटर धरल्यास २ मीटरचा जिना २०० व्यक्तींना पुरतो. त्यावर कपाटे, खोकी मांडून अर्धी रुंदी अडवली की हा हिशेब निम्म्यावर येतो. आणि हे आपल्याकडे सर्रास घडते. अग्निशमन सेवा हा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतील विषय असून, संहितेतील तरतुदी स्थानिक नियमांत अंतर्भूत झाल्यावरच बंधनकारक ठरतात.

मात्र जिना कितीही रुंद केला तरी चाकाच्या खुर्चीला तो निरुपयोगीच. १:१२ उताराने ३ मीटर उंचीचा एक मजला चढण्यास ३६ मीटर लांबीचा उतारमार्ग लागतो. म्हणून वरच्या मजल्यांवर, मदत येईपर्यंत थांबता येईल अशी अग्निरोधक जागा जिन्यालगत राखावी लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ४५ ने अस्तित्वातील सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यास पाच वर्षांची मुदत दिली होती. ती उलटून गेली आहे.