श्वासाच्या मापाचा पाळणा

पलंगाला खेटून लावायचा आणि घडी घालून गावाला नेता येणारा बाळाचा पाळणा, म्हणजे हल्लीची बेडसाइड क्रिब, घ्यायला गेलं की नजर आधी जाते ती रंगावर, कापडावर, खालच्या कप्प्यावर. मला मात्र या पाळण्यात सगळ्यांत थक्क करते ती एक फट. पाळणा आणि आईचा पलंग यांच्यामध्ये राहणारी. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा पाळण्यांवर ही फट किती चालेल ते छापलेलं असतं: अर्ध्या इंचापेक्षा, म्हणजे १३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. करंगळी जेमतेम शिरेल, एवढीच.

एवढ्याशा फटीसाठी आकडा ठरवावा लागला, हे कळल्यापासून या वस्तूकडे मी नुसतं फर्निचर म्हणून पाहूच शकत नाही. तिचं जवळजवळ प्रत्येक माप बाळाच्या शरीरातून आलेलं आहे. आणि त्यातली बरीचशी मापं जाऊन पोचतात ती एकाच गोष्टीपाशी, बाळाच्या श्वासापाशी.

नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीचा जवळजवळ पाव भाग व्यापतं. मोठ्या माणसात ते उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढं असतं. एवढं जड डोकं, आणि ते पेलणारी मान अजून कोवळी. श्वासनलिका आतून चार-पाच मिलिमीटर रुंद, भिंती मऊ. हनुवटी छातीला टेकली की हवेची वाट अरुंद होते. इथे भौतिकशास्त्राचा एक विलक्षण नियम आडवा येतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर तिच्यातून संथपणे वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध दुप्पट होत नाही, सोळापट होतो. मोठ्यांच्या श्वासनलिकेत चहूबाजूंनी एक मिलिमीटर कमी झाला तरी निभावतं. बाळाच्या चार मिलिमीटरच्या नळीत तोच एक मिलिमीटर सोळापटीचं ओझं घेऊन येतो. म्हणून बाळासाठी गादी सपाट हवी, आणि बाळ पाठीवर हवं.

पाठीवर म्हटलं की घराघरांत एकच शंका निघते. दूध वर आलं तर घशात अडकणार नाही का? ही भीती मायेतूनच येते, आणि तिचं उत्तर बाळाच्या गळ्यातच आहे. श्वासनलिका पुढे असते, अन्ननलिका तिच्या मागे, कण्याच्या बाजूला. बाळ पाठीवर झोपलं की श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली येते. वर आलेलं दूध खालच्याच नळीच्या तोंडाशी राहतं. श्वासनलिकेत शिरायचं तर त्याला चढ चढावा लागतो. पालथं झोपवलं की चित्र उलटतं. आता श्वासनलिका खालच्या अंगाला, आणि दुधाला तिकडे नुसता उतार.

हे इतकं साधं असूनही जगाला ते पटायला फार उशीर झाला. डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक अमेरिकेत घरोघरी होतं, आणि १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यात बाळाला पालथं झोपवण्याचा सल्ला होता, उलटी घशात जाईल याच भीतीने. चांगलं धडधाकट बाळ झोपेत जायचं आणि तपासूनही कारण सापडायचं नाही. वैद्यकात अशा मृत्यूला सिड्स म्हणतात. न्यूझीलंडमध्ये १९८७पासून तीन वर्षं या मृत्यूंचा पद्धतशीर अभ्यास झाला आणि पालथं झोपणं हा मोठा धोका म्हणून पुढे आला. ब्रिटनने १९९१मध्ये, अमेरिकेने १९९४मध्ये बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम काढली. त्यानंतर अमेरिकेतले हे मृत्यू निम्म्याहून खाली आले. ना औषध, ना लस, ना यंत्र. फक्त बाळाची कूस बदलली. २००५मध्ये जुने अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दिसलं की पुरेसा पुरावा १९७० सालीच हाताशी होता. या वाक्याशी मी दर वेळी थांबते.

आता गादी. दुकानात आपण तिच्यावर हात फिरवतो आणि मऊ लागली की खूश होतो. बाळाच्या बाबतीत नेमकं उलटं हवं. तोंड मऊ गादीत किंवा उशीत रुतलं, तर सोडलेला श्वास तिथेच साचतो आणि बाळ तीच हवा पुन्हा आत घेतं. कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, प्राणवायू घटत जातो. एरवी मेंदूच्या बुंध्याशी असलेली यंत्रणा हे ओळखते, बाळ चुळबुळतं, मान वळवतं, रडतं. ती चुळबुळ म्हणजे केवढा मोठा पहारा आहे! बॉस्टनच्या डॉ. हॅना किनी यांनी सिड्सने गेलेल्या बाळांच्या मेंदूचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यातल्या बऱ्याच बाळांमध्ये या भागातल्या सेरोटोनिनच्या यंत्रणेत बिघाड आढळला, म्हणजे पहारेकरीच दुबळा. कोणत्या बाळात तो दुबळा आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. दोन ते चार महिन्यांचा काळ त्यातही नाजूक.

गादी पुरेशी टणक आहे का, हे पाहायची ऑस्ट्रेलियातली एक घरगुती चाचणी मला फार आवडते. बारा सीडींची चळत गादीवर ठेवायची. चळतीवर बिस्किटांचा एक लांबट पुडा असा आडवा ठेवायचा की त्याचं टोक कडेबाहेर चार सेंटिमीटर येईल. त्यावर एकेक लिटर दुधाची दोन भरलेली खोकी. वजनाने चळत दबते. बाहेर आलेलं टोक गादीला टेकलं तर गादी जास्त मऊ. बाळाच्या डोक्याशेजारी गादी कशी वर उचलली जाईल, ते स्वयंपाकघरातल्या सामानाने डोळ्यांसमोर दिसतं. क्रिबसोबत आलेली गादी आपल्याला कडक वाटते म्हणून तिच्यावर आणखी एक कापसाची गादी घालायचा मोह होतो. तो टाळायचा. दुसरी गादी घातली की टणकपणा तर जातोच, कडेची उंचीही कमी होते आणि बाजूला नवी फट तयार होते.

याच कारणाने मोहरीची उशीही नको. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून आजी किती हौसेने ती शिवते, हे आपल्या घरांत सगळ्यांनी पाहिलंय. पण उशीने डोकं वर उचललं की हनुवटी खाली येते, आणि सोळापटीचा तो हिशोब सुरू होतो. डोक्याच्या गोलाईसाठी बाळ जागं असताना, आपण समोर बसून, त्याला पोटावर खेळवावं. झोपवताना कधी या कुशीकडे तर कधी त्या कुशीकडे तोंड वळवावं. मऊ लोड, खेळणी, सुटं पांघरूण, सगळं क्रिबच्या बाहेर. दुपट्यात गुंडाळायचं तर पाठीवरच, आणि कूस बदलण्याची पहिली धडपड दिसली की दुपटं बंद. घरात झोपताना टोपडंही काढावं, कारण बाळ बरीचशी जादा उष्णता डोक्यावाटे बाहेर टाकतं.

उताराची गोष्ट मात्र काळीज हलवणारी आहे. फिशर-प्राइस या कंपनीचा ‘रॉक अँड प्ले’ नावाचा झुलता बिछाना २००९पासून अमेरिकेत विकला जात होता. त्यात बाळ साधारण तीस अंशांच्या उतारावर झोपायचं. एप्रिल २०१९मध्ये कंपनीने सुमारे ४७ लाख बिछाने परत बोलावले. तोवर तीसहून अधिक बाळांच्या मृत्यूंची नोंद झाली होती. त्याच वर्षी आर्कान्सा विद्यापीठात डॉ. एरिन मॅनन यांच्या गटाने अमेरिकी ग्राहक सुरक्षा आयोगासाठी एक प्रयोग केला. बाळांच्या पोटावर आणि मानेजवळ संवेदक लावून वेगवेगळ्या उतारांवर स्नायू किती काम करतात ते मोजलं. दिसलं ते असं, की उतारावर बाळाला पालथं होणं सोपं जातं, पण पालथं झाल्यावर तोंड मोकळं ठेवायला पोटाच्या स्नायूंना जास्त झटावं लागतं आणि ते लवकर दमतात. आईला वाटतं, किती छान पहिल्यांदाच वळलं. आणि बाळ थकत चाललेलं असतं. २०२२मध्ये अमेरिकेत कायदा झाला. दहा अंशांहून जास्त उताराचे झोपायचे बिछाने बंद, आणि क्रिबला आतून बांधायचे फुगीर लोडही बंद.

साडीची झोळी याच हिशोबात तपासावी लागते. झोळीत पाठ गोल होते आणि हनुवटी छातीकडे जाते. शेतावर, बांधकामावर, दोरी हातात धरून बसलेल्या आईच्या डोळ्यांसमोर झोळीने पिढ्या सांभाळल्या, हे खरंच. पण दिवे मालवल्यावर, सगळे झोपलेले असताना, रात्रभर झोळी नको.

आता पुन्हा त्या फटीकडे. बेडसाइड क्रिबला दोन पट्टे असतात. ते आपल्या गादीखालून किंवा पलंगाच्या चौकटीभोवती नेऊन आवळायचे असतात, म्हणजे रात्री पलंग हलला तरी क्रिब दूर सरकत नाही. दुकानात हे कोणी जोडून दाखवत नाही, आणि आपल्या घरांतली खरी अडचण इथेच निघते. बऱ्याच क्रिबचे पाय पलंगाखाली शिरतील असे बनवलेले असतात. आपल्याकडे शहरांतल्या खोल्यांत पलंग असतो तो खाली पेटी असलेला, जमिनीपर्यंत बंद. पाय आत जात नाहीत, क्रिब चार बोटं दूर उभी राहते, आणि ती जागा मग उशी किंवा गुंडाळलेली चादर कोंबून भरली जाते. तसं करायचंच नाही. त्या फटीत बाळाचं तोंड दबतं. म्हणून घ्यायच्या आधी टेप घेऊन पलंग मोजावा: जमिनीपासून गादीच्या वरच्या अंगापर्यंतची उंची, आणि पलंगाखाली मोकळी जागा आहे की नाही. क्रिब फिट बसत नसेल तर चारही बाजू वर करून ती पलंगाशेजारी सुटी उभी करावी. हात पुरेल एवढं अंतर असलं तरी जवळीक साधतेच.

बाजू खाली केल्यावरही क्रिबला एक कड उरली पाहिजे. युरोपच्या २०१९च्या मानकात ती बाळाच्या गादीपासून किमान १२ सेंटिमीटर वर हवी असं ठरलं, म्हणजे बाळ घरंगळत पलंगावर येणार नाही आणि आपलं पांघरूण त्याच्यावर सरकणार नाही. गजांचा पाळणा असेल तर दोन गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपर्यंतच. कारण बाळ फटीतून घसरतं ते पायांकडून. कंबर गेली की धड जातं, आणि डोकं अडकतं. जाळीच्या बाजू असतील तर जाळी ताणलेली आणि बारीक हवी. कापडाखाली काय दडलंय तेही चाचपून पाहावं. २००८मध्ये अमेरिकेत सिम्प्लिसिटी कंपनीच्या अशाच पलंगालगतच्या पाळण्यांबद्दल इशारा निघाला. त्यांच्या धातूच्या दांड्यांमधलं अंतर झाकणारं कापड वेल्क्रोने लावलेलं होतं, ते सुटलं की बाळ दांड्यांमध्ये अडकायचं.

घडीचा पाळणा म्हटलं की मला शिकागोचा डॅनी कीझर आठवतो. १९९८मध्ये, दीड वर्षाचाही नसताना, पाळणाघरात तो दुपारी झोपला होता. घडीच्या क्रिबचा वरचा दांडा मध्येच दुमडून इंग्रजी व्ही अक्षरासारखा झाला आणि त्यात त्याची मान सापडली. ती क्रिब पाच वर्षांपूर्वीच, १९९३ साली, धोकादायक म्हणून परत मागवलेली होती. पाळणाघराला ते माहीतच नव्हतं. त्याच्या आईवडिलांनी, लिंडा गिन्झेल आणि बोआझ कीझर यांनी, ‘किड्स इन डेंजर’ ही संस्था काढली आणि दहा वर्षं पाठपुरावा केला. २००८च्या अमेरिकी कायद्यात डॅनीच्या नावाचं कलम आहे: अशा प्रत्येक वस्तूसोबत नोंदणीचं कार्ड द्यायचं, म्हणजे उद्या दोष निघाला तर विकत घेणाऱ्याला कळवता येईल. तुमच्या क्रिबच्या खोक्यात असं कार्ड निघालं तर भरून पाठवा. आणि मावसबहिणीकडून आलेली क्रिब असेल, तर तिच्या खालच्या चिठ्ठीवरचं मॉडेलचं नाव नेटवर शोधा. पाळणा पिढ्यान् पिढ्या घरात फिरतो, ही आपल्याकडची गोड रीत आहे. पण लाकडी पाळण्याला जे चालतं ते घडीच्या खटक्यांना चालत नाही. उघडल्यावर प्रत्येक खटका ‘कट्’ वाजला का ऐकावं, मग चारही दांड्यांवर मधोमध तळहाताने जोर द्यावा. एकही लवला, किंवा हरवलेल्या स्क्रूच्या जागी सुतळी दिसली, तर ती क्रिब मोडीतच जावी.

मग एवढ्या उपद्व्यापापेक्षा बाळ दुसऱ्या खोलीतल्या मोठ्या पाळण्यात का नको? कारण जवळ असणं हेही सुरक्षाच आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की निदान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या बिछान्यावर झोपावं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या रुग्णालयात डरॅम विद्यापीठाच्या हेलन बॉल यांनी बाळंतिणींच्या वॉर्डात रात्री चित्रीकरण केलं. बाळ पलंगाला जोडलेल्या छोट्या पाळण्यात असलं, तर दूर ठेवलेल्या पाळण्यापेक्षा आया त्याला अधिक वेळा अंगावर घेत होत्या, असं २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं.

न्यूझीलंडच्या माओरी लोकांनी याच प्रश्नाला जे उत्तर दिलं, ते मला सर्वांत सुंदर वाटतं. त्यांच्यात बाळाला जवळ घेऊन झोपण्याची रीत जुनी, आणि बाळं दगावण्याचं प्रमाणही जास्त. रीत सोडा असं सांगून उपयोग होत नव्हता. तेव्हा २००६च्या सुमारास डॉ. डेव्हिड टिपेने-लीच आणि विणकर बायका यांनी हाराकेके नावाच्या तिथल्या वनस्पतीच्या पात्यांची टोपली विणली, ‘वाहाकुरा’. ती आईवडिलांच्या पलंगावरच ठेवायची. बाळ त्यांच्यातच, पण चारी बाजूंना स्वतःची कड असलेलं. गावाला जाताना टोपली उचलायची की झालं. २०११च्या क्राइस्टचर्च भूकंपानंतर घरं मोडलेल्या कुटुंबांना याच कल्पनेवरच्या प्लास्टिकच्या पेट्या वाटल्या. झोपेच्या सुरक्षेची ही मोहीम देशभर पसरली त्या २००९ ते २०१५ या काळात न्यूझीलंडमधले तान्ह्या बाळांचे मृत्यू २९ टक्क्यांनी घटले.

बेडसाइड क्रिबचा मुक्काम फार थोडा असतो. बाळ हातांवर आणि गुडघ्यांवर उभं राहायला लागलं, बहुधा पाचव्या-सहाव्या महिन्यात, की त्याच्यासाठी १२ सेंटिमीटरची कड ओलांडणं अवघड राहत नाही. खोक्यावर लिहिलेल्या वजनाची वाट न पाहता त्याच दिवशी बाजू वर चढवावी आणि खोल कडांचा पाळणा शोधायला लागावं.