बाग नव्याने करून घेताना

बंगल्याभोवतीची बाग ठेकेदाराकडून नव्याने करून घ्यायची असेल, तर आराखडा उन्हाळ्यातच पक्का करा. ऊन कुठे किती वेळ पडते आणि पावसाचे पाणी कुठे साचते, ते आधी पाहा. कामाचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी उतार आणि निचरा, मग पाइपलाइन व वायरिंग, त्यानंतर पायवाटा; माती, झाडे आणि हिरवळ सर्वांत शेवटी. क्रम चुकला तर लावलेली हिरवळ पुन्हा खणावी लागते. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तिच्यात कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे. झाडे पहिल्या दमदार पावसानंतर लावावीत. दरपत्रकात माती किती ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट), रोपांची उंची आणि मेलेली रोपे बदलून देण्याची मुदत लिहून घ्या. शेवटचा हप्ता रोपे रुजल्यावरच द्या.